पल्याडवाडी : नकाशात नसलेल्या गावाचं नाव

मी ज्या गावाच्या गोष्टी लिहिते ते गाव कुठल्याच नकाशात नाहीये. दहिवडीहून म्हसवडकडे जाताना मोठा रस्ता सोडून एक कच्चा रस्ता आत वळतो असं मी धरून चाललेय, त्या रस्त्याला आधी हिवरवडे लागतं, मग ओढा, आणि ओढा ओलांडला की पल्याडवाडी. दोन्ही गावं मी रचलेली. माण तालुका मात्र खरा, तिथला उन्हाळा खरा, पाण्याचा टँकर खरा. ऐंशी-नव्वद उंबरा, मारुतीचं देऊळ, देवळापुढे पार, चौथीपर्यंतची शाळा आणि ओढ्याकाठी बाभळी, एवढंच गाव. गोष्टी वाचणारी माणसं हमखास विचारतात की हे नाव कुठनं आणलंस, आणि मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वेळी वाटतं की हे दोन वाक्यांचं काम नाही. गोष्टीतली माणसं मला भराभर सुचली, नाव मात्र लवकर हाती लागेना. तर आज सगळं नीट लिहूनच काढते.

सुरुवातीला वाटलं एखादं झाड घ्यावं आणि त्याला गाव, वाडी, वडे असं काहीतरी जोडून मोकळं व्हावं. आपल्याकडची किती गावं अशीच आहेत बघा ना, वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव, बोरगाव, बाभुळगाव, पळसगाव, शिरसगाव, चिंचोली, जांभूळपाडा. मला ही नावं मनापासून आवडतात, कारण त्या जागेला काय उगवत होतं ते त्यात राहून गेलेलं असतं, आणि कधीकधी झाड जातं, गावही जागचं हलतं आणि नाव तेवढं टिकतं. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव घ्या, जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, माणसं वर सरकली, नाव सोबत घेऊन गेली, आणि धरणाचं पाणी खूप उतरलं की जुनं देऊळ अजून उघडं पडतं. पण झाडाचं नाव द्यायचं तर ते झाड त्या मातीत पाहिजे. माणदेश पर्जन्यछायेतला, तिथे मी फणसवाडी वसवली तर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. म्हणून शेजारच्या गावाला हिवराचं नाव दिलं. हिवर म्हणजे पांढुरक्या सालीचं काटेरी झाड, बांधाबांधाला असतं, शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात, आणि दुष्काळातही तग धरतं. हिवरवडे हे नाव त्यामुळे एका दुपारीच नक्की झालं.

मग त्याच्या शेजारच्या गावालाही बाभूळ नाहीतर बोर द्यायला काय हरकत होती? हरकत अशी की तोवर मी गावांच्या नावांच्या याद्या वाचत बसले होते आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. एकट्या पुणे जिल्ह्यात लोणी काळभोर आहे, लोणी कंद आहे, लोणी भापकर आहे, लोणी देवकर आहे. तळेगाव दाभाडे आहे आणि तळेगाव ढमढेरे आहे. आता लोणी भापकरमधल्या माणसाला घरी जाताना भापकर हा शब्द लागतो का? त्याला लोणी हासुद्धा शब्द लागत नाही, तो गावाला चाललो म्हणतो आणि संपलं. ते पुढचं दुसरं नाव लागतं ते बाहेरच्याला, ज्याला चार लोण्यांतून एक निवडायची असते, म्हणजे व्यापाऱ्याला, सरकारी कारकुनाला, पाहुण्याला, लग्नाची पत्रिका टाकणाऱ्याला.

खुर्द आणि बुद्रुकचंही तसंच. माण तालुक्यातच गोंदवले बुद्रुक आणि गोंदवले खुर्द अशी दोन गावं आहेत, गोंदवलेकर महाराजांची समाधी आहे ते बुद्रुक, आणि आपण सगळे नुसतं गोंदवले म्हणतो. बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले, सुलतानांच्या काळात कारभाराची भाषा ती होती म्हणून. आता विचार करा, कुठलं गाव स्वतःहून स्वतःला धाकटं म्हणेल? ते कुणीतरी वहीत दोन्ही गावं एकाखाली एक लिहिताना ठरवलेलं आहे. एकदा लिहिलं की लिहिलं, पुढे वस्ती वाढून खुर्दाने बुद्रुकाला मागे टाकलं तरी कागदावर ते खुर्दच राहतं. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज आहे, तिथे एक बाजाराचं गाव म्हणून कसबा आणि दुसरं शेतकऱ्यांचं म्हणून मौजा. म्हणजे परत तेच, हिशोब ठेवणाऱ्याची सोय.

इथे मला माझं गाव सापडलं असं म्हणायला हरकत नाही. गावाचं नाव गाव ठेवत नाही, शेजारचं गाव ठेवतं. आत राहणाऱ्याला नावाची गरजच पडत नाही, त्याला नुसतं गाव पुरतं. मग मी ओढ्याच्या अलीकडे हिवरवड्यात जाऊन उभी राहिले, म्हणजे मनाने, आणि तिथून पलीकडे बघितलं. तिकडे चार घरं आहेत. त्यांना मी काय म्हणेन?

पल्याडची माणसं. पल्याडची वस्ती. पल्याडची वाडी.

गोष्ट अशी रचली की हिवरवड्यात दोन भावांची वाटणी झाली. थोरल्याला गावाजवळची विहिरीची जमीन आली आणि धाकट्याला ओढ्यापलीकडचं माळरान. धाकटा चिडून बायको-पोरं, दोन बैल आणि शेळ्या घेऊन पलीकडेच राहायला गेला, पुढे त्याची पोरं, त्यांची पोरं, मग एक रामोश्याचं घर, मग एक सुतार, मग सासऱ्याशी पटलं नाही म्हणून आलेला एक घरजावई, अशी वस्ती वाढत गेली. माणदेशात अजूनही लोक शेतातल्या वस्तीवर राहतात आणि त्या वस्त्या आडनावाने ओळखल्या जातात, तशीच ही, फक्त आडनाव दोन्हीकडे एकच असल्याने आडनावाने फरक कळेना. मग दिशाच नाव झाली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरगं काठावर अडकायचं आणि अलीकडचा म्हातारा ओरडून विचारायचा,

"कुनाचा रं तू?"

"पल्याडचा हाय जी!"

पोराने स्वतःच स्वतःला पल्याडचा म्हटलं. त्याच्या दृष्टीने खरं तर म्हातारा पल्याड आहे. पण मोठं गाव हे, बाजाराला यायचं ते इथे, दळण इथे, वाणी इथे, त्यामुळे बघणाऱ्याची जागा हिवरवड्यातच राहिली आणि पोरालाही त्यांच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघायची सवय लागली. हा भाग लिहिताना मला फार वाईट वाटलं होतं, आणि गोष्टीत मी तो मुद्दाम रेंगाळत लिहिलाय. नदीकाठच्या गावांमध्ये पारगाव हे नाव दिसतं तेही मला ह्याच जातीचं वाटतं, कुणीतरी अल्याडच्या काठावर उभं राहून ठेवलेलं.

ह्या सगळ्यात बायकांचं काय होतं तो माझ्या सगळ्यात जवळचा भाग आहे. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेली आडनावं असतात ती गाव सोडल्यावर चिकटतात, गावात राहणाऱ्या माणसाला गावाचं आडनाव कोण लावणार, तिथे सगळेच तिथले. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर आडनाव घेतलं, ते गाव सोडून बाहेर पडलेल्या माणसाने सोबत घेतलेलं गाव होतं. पण पुरुष निदान कधीतरी गाव सोडतात, बाई तर लग्न झालं की सोडतेच. आणि सासरी तिला तिच्या नावाने हाक मारायची पद्धत कुठे होती, तिला म्हणायचे पळशीची, वडूजची, नरवण्याची. माझी आजी तिच्या सासरी शेवटपर्यंत तिच्या माहेरच्या गावाच्या नावाने ओळखली गेली, तिच्या वयाच्या सगळ्याच बायका तशा. जात्यावर बसल्या की ओवीत माहेरचं गाव घ्यायच्या, त्या गावची वाट, तिथला भाऊ, तिथलं देऊळ. म्हणजे गावाचं नाव सगळ्यात जास्त वापरलं कुणी, तर जी त्या गावात राहत नव्हती तिने. जमिनीच्या कागदावर तिचं नाव कुठेच नसायचं आणि गावाचं नाव मात्र तिच्या अंगावर.

म्हणून माझ्या गोष्टींमधली मुख्य बाई ही पल्याडची आक्का आहे. ती पल्याडवाडीत जन्मली आणि ओढ्याच्या अलीकडे हिवरवड्यात दिली गेली, म्हणजे माहेर आणि सासर एकमेकांना दिसतं इतकं जवळ, तरीही ती जन्मभर पल्याडची. तिचं खरं नाव गोष्टीत कुठेच येत नाही.

आता नाव तोंडात होतं तोवर ठीक, कागदावर गेलं की त्याचं काय होतं ते मला दाखवायचं होतं, कारण नावं खरी बदलतात ती तिथे. ह्याला फार जुना दाखला आहे. पुण्याचं नाव राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या दोन ताम्रपटांत येतं, ७५८ च्या ताम्रपटात पुण्य विषय असं (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्ह्यासारखा मुलूख) आणि ७६८ च्या ताम्रपटात पूनक विषय असं. राजा एकच, मध्ये वर्षं फक्त दहा, आणि लिहिणाऱ्यांनी दोन तऱ्हा केल्या. मला त्यातला पुण्य लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर दिसतो, त्याला लोकांच्या तोंडचं नाव साधं वाटलं असेल आणि त्याने त्याला संस्कृतचं चांगलं वस्त्र नेसवलं असेल. हा माझा अंदाज, पण ही खोड लिहिणाऱ्यांना आजही आहे.

तर पल्याडवाडीचं असं झालं. कुलकर्ण्याने मोडीत भरभर लिहिताना पल्याडची वाडी लिहायच्या जागी पलाडवाडी लिहिलं. १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं, इंग्रजांचा अंमल आला, त्यांची जमीनमोजणी इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकातच सुरू झालेली होती, ती पुढे इकडेही आली आणि मोजणीच्या साहेबाने नाव रोमन अक्षरांत उतरवलं. रोमन अक्षरांत ड आणि द ला एकच अक्षर, ल आणि ळ ला एकच अक्षर. ह्याच वाटेने खडकीचं किरकी झालं, शीवचं सायन झालं, आणि लोणावळ्याला अर्धा देश लोनावला म्हणतो. पुढे १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा आला आणि त्यानंतर काही वर्षांनी माझ्या वाडीला हिवरवड्यापासून वेगळी ग्रामपंचायत मिळाली. कचेरीतल्या टायपिस्टने इंग्रजी कागदावरून मराठी कागद केला तेव्हा ड चा द झाला. पलादवाडी.

मग बोर्ड रंगवायचा दिवस. हा प्रसंग मी गोष्टीत पूर्ण लिहिलाय, इथे थोडाच देते. पेंटर शिडीवर चढलाय, खाली सरपंच तात्या, शाळेचे गुरुजी, आणि माहेरी आलेली आक्का.

"तात्या, कागदावर पलादवाडी हाय. तसंच ल्हिऊ?"

"पलाद म्हंजी काय असतंय गुरुजी?"

"ते प्रल्हाद असणार तात्या. भक्त प्रल्हाद. बोलता बोलता अपभ्रंश झालाय."

"असं? मग ल्हे की रं नीट, देवाचं नाव हाय."

आक्का तिथून म्हणते, "आरं तात्या, आपुन वड्याच्या पल्याडचं म्हनून पल्याडवाडी. ह्यात देव कुठनं आला मधीच?"

"आक्का, तू आता हितली न्हाईस. ऱ्हाऊ दे."

आणि बोर्डावर प्रल्हादवाडी लागतं. मला आक्काचं तिथे गप्प बसणं लिहायला फार जड गेलं. ज्या नावाने ती उभा जन्म हाक ऐकत आली ते नाव तिच्या देखत खोटं ठरवलं गेलं, आणि ठरवणारा तिचा भाऊच.

पुढचं मात्र मला आनंद देणारं आहे. नाव प्रल्हादवाडी झाल्यावर लोकांना त्याची गोष्ट हवीच होती. नीरा नरसिंहपूर तिथून फार लांब नाही, नीरा-भीमेच्या संगमावर, आणि तिथली आख्यायिकाच अशी आहे की प्रल्हादाने वाळूची नृसिंहमूर्ती करून पूजली. मग पल्याडवाडीत कुणीतरी म्हणालं की प्रल्हाद संगमाकडे जाताना आपल्या ओढ्यावर पाणी प्यायला थांबला होता. दुसऱ्याने तो दगड दाखवला ज्यावर तो बसला. दहा-पंधरा वर्षांत दगडाला शेंदूर लागला, पत्र्याचं शेड आलं, वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंतीचा भंडारा सुरू झाला, आणि त्या भंडाऱ्याला हिवरवड्याची माणसं ओढा ओलांडून यायला लागली. इतकी वर्षं हे तिकडे जात होते, आता ते इकडे यायला लागले. म्हणून मला त्या आख्यायिकेला खोटी म्हणून बाजूला टाकता येत नाही. आपल्याकडे बहुतेक गावांना रामाची, सीतेची नाहीतर पांडवांची एक गोष्ट असते. नाशिकच्या नावाला शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट आहे आणि नऊ टेकड्यांचीही आहे. नावाचा उगम शोधणाऱ्याला त्यातली एकच खरी पाहिजे असते, गावात राहणाऱ्याला दोन्ही उपयोगाच्या असतात.

पण बाहेरून नाव ठेवण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती टाळून मला पुढे जायचं नव्हतं. पल्याडवाडीच्याही बाहेरच्या अंगाला एक वस्ती आहे आणि तिला गाव जातीच्या नावाने हाक मारायचं. ज्या वाडीला स्वतःला पल्याडची म्हटलेलं खटकत होतं तिनेच दुसऱ्यांना त्यांच्या जातीवरून नाव दिलं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं त्यात सुचवली होती. माझ्या गोष्टीत त्या वस्तीतल्या पोरांनी निर्णय यायच्या आधीच स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावलेली आहे, भीमनगर. ह्या सगळ्या पंचक्रोशीत आतल्या माणसांनी स्वतः ठेवलेलं हे एकच नाव आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. गावातली म्हातारी माणसं अजून जुनं नाव तोंडात घेतात, पोरं दर वेळी थांबवून दुरुस्त करतात. तिथे मी कुणाची गंमत म्हणून काही लिहिलेलं नाही.

नावांच्या याद्या चाळताना एक सरकारी शब्द भेटला तो डोक्यातून जात नाही. ज्या गावात वस्ती उरलेली नाही त्याला महसुलाच्या कागदात बेचिराख गाव म्हणतात. चिराग म्हणजे दिवा, जिथे दिवा लागत नाही ते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३,६०० च्या वर गावं मोजली होती आणि त्यातल्या २,७०० च्या आसपास गावांत माणूस राहत नव्हता. माणसं नाहीत, पण नाव आहे, हद्द आहे, सातबाऱ्याला ते गाव लागतं, शेजारच्या गावचे लोक तिथली शेतं कसतात आणि त्या नावाने ओळखतात. आमच्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. बेचिराख गावात काळी कसली जाते आणि पांढरी तशीच पडून असते, खापरं, चुलीची राख, जात्याची तुटलेली तळी असलं काय काय वर येतं. प्रवरेकाठचं दायमाबाद असंच ओस गाव, तिथे १९७४ मध्ये रथाची आणि जनावरांची धातूची शिल्पं मिळाली आणि ते नाव जगभर गेलं. त्या मूर्ती घडवणारे लोक आपल्या गावाला काय म्हणत होते ते कुणालाच कळणार नाही, त्यांना शेजाऱ्यांनी आणि संशोधकांनी दिलेलं नावच लागलं. संगमनेरजवळच्या जोर्व्याचं नाव तर एका अख्ख्या प्राचीन संस्कृतीला दिलंय.

पल्याडवाडी बेचिराख होणार नाही, एवढं मी ठरवलंय. निम्मी पोरं मुंबईला आणि पुण्याला गेली तरी. मुंबईत ती पोरं स्वतःला म्हसवडकडची सांगतात कारण पल्याडवाडी कुणाला माहीत असणार, आणि लग्नाला मात्र पत्रिकेवर मुक्काम पोस्ट प्रल्हादवाडी छापतात.

सध्या ज्या गोष्टीवर बसलेय ती ओढ्याच्या अजून वरच्या अंगाच्या धनगरवाड्याची आहे. पाच-सहा घरं, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. त्या वस्तीला मी अजून नाव दिलेलं नाही, कारण आजवर गोष्टीत तिकडे बाहेरचं कुणी गेलंच नाही, पल्याडवाडीतली माणसं नुसतं हात करून वर तिकडे म्हणतात. आता २०२७ च्या जनगणनेची ड्युटी लागलेली शाळेतली बाई तिकडे निघालीय आणि वस्तीच्या नावाची जागा तिला रिकामी ठेवता येत नाही. तिने काय लिहिलं, तिने सुचवलं की तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं, ह्यावर माझं अजून ठरत नाहीये. म्हाताऱ्याने सांगावं असं फार वाटतंय.